लडाखी गावातला हिवाळी महिना : पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

लडाखच्या आडगावात, वीजजोडणी नसलेल्या घरात जानेवारी काढायचा बेत असेल, तर खिडकीतून काय दिसतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा : खोलीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? महिन्याचा सगळा हिशेब या उत्तरावर ठरतो. भाडं घासाघीस करून हजार-दोन हजारांनी उतरेल. पण उत्तरेकडे तोंड केलेली खोली तेवढ्याचं जळण आठवड्याभरात खाऊन टाकेल.

लेह ३४ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून ३२-३३ अंश वर येतो. मुंबईत तेव्हा तो ४७ अंशांवर असतो. इतकं तिरपं ऊन दक्षिणेच्या सहा फुटी काचेतून खोलीत नऊ फूट आत शिरतं आणि मातीच्या जाड भिंती तापवतं. त्याच भिंती रात्री ऊब परत देतात. लेहजवळच्या फे गावात सेक्मॉल या संस्थेने आपल्या इमारती याच तत्त्वावर, मातीच्या आणि दक्षिणमुखी बांधल्या आहेत. गावांतल्या बऱ्याच घरांना दक्षिणेला काचेची खोली असते, तिला शेल-खांग म्हणतात. दिवसभर बसायला ती उत्तम. झोपायला मात्र तिच्या मागची मातीच्या भिंतींची खोली घ्या, कारण काच रात्री ऊब धरत नाही. अशी जोडी मिळत असेल तर दिवसाला दोनशे रुपये जास्त मोजायला हरकत नाही. आणि गाव अरुंद दरीत असेल तर डोंगराची सावली दुपारी दोनलाच पडते, म्हणून उन्हाची वेळ विचारायची.

आता आकडे. पैशांचे आकडे अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. बोलणी करताना त्या गावचा चालू दर विचारा. किलो, लिटर आणि तास मात्र साधारण हेच राहतील.

जळणापासून सुरुवात करू. बुखारीत, म्हणजे धुराडं असलेल्या शेगडीत, वाळलेलं लाकूड जाळलं तर किलोमागे साधारण २ युनिट ऊब खोलीला मिळते, बाकीची धुराड्यातून जाते. दक्षिणमुखी खोलीला संध्याकाळचे सहा तास ८ ते १० किलो लाकूड पुरतं. उन्हाशिवायच्या खोलीत सकाळपासून पेटवावं लागतं, तिथे २० किलो सहज जातं. किलोला २० रुपये धरले, तर पहिल्या खोलीचा महिना ६,००० रुपयांत बसतो आणि दुसरीचा १२,००० च्या पुढे जातो. बऱ्याच ठिकाणी बुखारीचे पैसे वेगळे घेतात. ते रात्रीवर की किलोवर, हे आधीच ठरवून घ्या. किलोवर ठरवणं दोघांच्याही हिताचं. लडाखमध्ये झाडं मोजकी आहेत, लाकूड तिथे खरोखर मौल्यवान आहे. शेणी जाळत असतील तर आनंदाने शेणी घ्या.

गॅस हीटर सोपा वाटतो, पण तीन किलोवॅटचा हीटर तासाला पाव किलो गॅस खातो. रोज सहा तास लावला तर १४.२ किलोचा सिलिंडर नऊ-दहा दिवसांत संपतो. शिवाय आपल्या सिलिंडरातल्या मिश्रणात ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो. बाहेर ठेवलेला सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी पेटत नाही, ते यामुळे. घराच्या आत, हवा खेळती असलेल्या स्वयंपाकघरातच तो ठेवावा.

यापुढचं वाक्य या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. गॅस हीटर, कोळशाची शेगडी किंवा धुराडं नसलेली कुठलीही आग पेटती ठेवून झोपू नका, एक रात्रसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि विरळ हवेत तो लवकर घात करतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन-अडीच हजारांत मिळतो. बाकी कशातही काटकसर करा, यात नको. रात्रीसाठी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या माणशी दोन घ्या. तीनशे रुपयांची ही वस्तू अंथरुणात जे काम करते, ते खोली तापवून साधायला कित्येक किलो लाकूड लागेल.

पाण्याचे पैसे कोणी वेगळे मागत नाही, पण खर्च असतो. नळ गोठलेले असतात. पाणी हातपंपावरून किंवा झऱ्यावरून कॅनमध्ये येतं. माणशी दिवसाला २० लिटर धरा. बर्फ वितळवून तेवढं पाणी करायचं तर शेगडीवर रोज सुमारे ३५० ग्रॅम गॅस जाळावा लागतो, म्हणजे महिन्याला १० किलो, तोही एकाच माणसासाठी. म्हणून पाण्याची जागा घरापासून किती पावलांवर आहे आणि हिवाळाभर ती वाहती राहते का, हे विचारा. संडास कोरडा असतो, वर माती किंवा राख टाकायची. त्यात पाणी ओतलं तर गोठतं आणि वसंतात शेताला जाणारं खत बिघडतं.

वीज त्या मानाने स्वस्तात भागते. राष्ट्रीय ग्रीडची वीज लेहला २०१९ मध्ये पोहोचली. दूरच्या वाड्यांवर घरचं सौर पॅनेल हाच आधार. दोन दिवे, दोन फोन आणि एक लॅपटॉप यांना दिवसाला ३०० वॅट-तास पुरे होतात. २०० वॅटचं पॅनेल स्वच्छ दिवशी ते सहज भरून देतं. थंडीत पॅनेल चांगलं चालतं, अडचण बॅटरीची असते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होते, लेड-ॲसिडची ताकद थंडीत घटते. म्हणून बॅटरी खोलीत आहे ना, ते पाहा. विजेचा हीटर विसरा. सोबत पॉवर बँक न्या, पण विमानात १०० वॅट-तासांपर्यंतचीच विनापरवानगी चालते, म्हणजे सुमारे २७,००० एमएएच, आणि तीही केबिन बॅगेत. ३०० वॅट-तासांचं पॉवर स्टेशन विकत घेऊन विमानतळावर गेलात तर ते तिथेच राहील. फोनसाठी पोस्टपेड सिम हवं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत.

जेवणासकट राहण्याचे माणशी दिवसाला १,५०० धरले तर दोघांचे महिन्याचे ९०,००० होतात. स्वतंत्र चूल मांडण्यापेक्षा हेच परवडतं. हिवाळ्यात सगळं घर एकाच तापलेल्या स्वयंपाकघरात बसतं. तिथे आमा-लेंच्या, म्हणजे घरच्या आईंच्या, चुलीशेजारी थुकपा खाताना तुमच्या खोलीचं जळणही वाचतं. भाज्या म्हणजे साठवलेले बटाटे, गाजरं, सलगम; ताजी भाजी लेहच्या बाजारात विमानाने येते आणि भाव तसाच असतो. तूरडाळ न्यायची असेल तर प्रेशर कुकर आहे का, ते विचारा : ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांना उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

विमानाचे दोघांचे ४०,०००, गाडीचे १०,०००, कपडे, बूट आणि अलार्म मिळून २५,०००. लेहच्या टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, ते बघूनच बोला. एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास जातो. त्यावर २०,००० रोख वेगळे ठेवा, कारण खराब हवेत लेहची विमानं रद्द होतात. परतीच्या तिकिटाच्या तारखेनंतर तीन दिवस मोकळे हवेत. पोहोचल्यावर विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच, काहीही न करता काढा. त्या दोन रात्रींचं भाडं अंदाजपत्रकात धरा. गावातून रात्री-अपरात्री लेहच्या सोनम नोर्बू रुग्णालयात यायची वेळ आली तर गाडी कोणाची, पैसे किती आणि रस्ता बर्फाने बंद असेल तर काय करायचं, हे घरमालकाला पहिल्याच फोनवर विचारा आणि लिहून ठेवा.