आधी पडदा ठरवा, मग फॉरमॅट

वीस मिनिटांचा लघुपट जाफराबादला, पूर्णेच्या काठी चित्रित करायचा आहे आणि सिनेमा कॅमेरा भाड्याने आणायचा आहे, असं धरून चालू. भाड्याच्या यादीत ‘४के, ६के, ८के’ पाहून मन मोठ्या आकड्याकडे धावतं. पण आधी ठरवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या खालच्या क्रमाने ठरवा. उदाहरणासाठी २०१८मध्ये आलेला ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के घेतला आहे.

१. चित्रपट कुठे दाखवायचा? थिएटरमध्ये डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) चालते. तिची २के स्कोप चौकट २०४८ × ८५८ पिक्सेलची, तर ४के स्कोप चौकट ४०९६ × १७१६ची. नेटफ्लिक्स स्वतःच्या मूळ निर्मितीसाठी ४के कॅमेरा मागतं. लघुपट महोत्सवात आणि यूट्यूबवरच जाणार असेल, तर ४केमध्ये चित्रण आणि २केमध्ये अंतिम प्रत हा हिशोब पुरतो. संकलनात चौकट थोडी आवळायलाही जागा राहते.

२. फ्रेम-रेट आणि शटर. थिएटरसाठी २४ फ्रेम ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २४ फ्रेमवर शटर १८० अंश ठेवलं, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. ते १७२.८ अंशांवर आणा. म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर १/५० सेकंद उघडी राहते आणि लुकलुक जाते.

३. रिझोल्यूशनची मर्यादा फ्रेम-रेटसोबत वाचा. हा कॅमेरा ४०९६ × २१६०मध्ये सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच जातो. ब्लॅकमॅजिक रॉ या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये १२० फ्रेम हव्या असतील, तर २६८८ × १५१२वर उतरावं लागतं आणि सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो. त्यामुळे रुंद लेन्सही अरुंद दिसते. नदीत उडी मारणाऱ्या पोराचा स्लो-मोशन शॉट हवा असेल, तर त्यासाठी आणखी रुंद लेन्स सोबत ठेवा. किंवा ६० फ्रेमवरच घ्या. २४ फ्रेमवर चालवला की तो अडीच पट संथ होतो.

४. रॉ की प्रोरेस? रॉमध्ये व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ नंतर बदलता येतात. दुपारच्या रणरणत्या उन्हातून एकदम घरातल्या अंधारात शिरणाऱ्या दृश्यांना त्याचा मोठा आधार होतो. रॉ म्हणजे अवाढव्य फाइल, हा समज मात्र तपासून घ्या. ३८४० × २१६०, २४ फ्रेमवर प्रोरेस ४२२ एचक्यू तासाला सुमारे ३१८ जीबी खातं. ४०९६ × २१६०वरचं ब्लॅकमॅजिक रॉ ८:१ कॉम्प्रेशनमध्ये सुमारे १४३ जीबी, तर १२:१मध्ये ९५ जीबीच खातं. संकलकाचा संगणक जुना असेल, तर प्रोरेस त्याला हलकं जातं. म्हणून कॅमेरा ठरवण्याआधी संकलकाला विचारा.

५. जागेचं गणित. वीस मिनिटांच्या चित्रपटासाठी आठपट चित्रण धरलं, तर १६० मिनिटं होतात. ८:१ रॉमध्ये त्याचे सुमारे ३८० जीबी होतील. ३:१ निवडलं, तर हजार जीबीच्या पुढे. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती हव्यातच, म्हणून आकडा दुप्पट करा. हार्ड डिस्क संपल्यावर बाजारात शोधू, असं ठरवून जाऊ नका. सगळी जागा गावी पोहोचण्याआधीच घ्या. कार्ड रिकामं करण्याआधी दोन्ही प्रती उघडून पाहा. कॉपी चालू असताना वीज गेली, तर बाहेरून विजेवर चालणारी डिस्क मध्येच बंद पडते. लॅपटॉपवरच चालणारी छोटी डिस्क बरी.

६. पूर्ण साखळीची चाचणी. ठरलेल्या फॉरमॅटमध्ये दहा मिनिटं सलग चित्रित करा, तेही उन्हात. फ्रेम गळल्यास रेकॉर्डिंग थांबेल, ही सेटिंग चालू ठेवा. कार्ड किंवा एसएसडी संथ असेल, तर ते इथेच कळतं. मग तीच फाइल संकलकाकडे पाठवा, रंग करून घ्या आणि मोठ्या पडद्यावर पाहा.

एवढं झाल्यावर भाड्याची यादी पुन्हा उघडा. ८के कॅमेरा ४केच्या चौपट पिक्सेल देतो. ठरलेला पडदा ते दाखवणार नसेल, तर तेच पैसे चांगली लेन्स, जादा बॅटऱ्या आणि आवाज टिपणाऱ्या माणसावर घाला.