सब्जा आणि अंगणातली तुळस

प्रश्न : आमच्या वृंदावनातल्या तुळशीला भरपूर मंजिऱ्या येतात. त्यांचं बी सब्जा म्हणून चालेल का? आणि रोज सब्जा घेतल्याने वजन उतरतं का?

उत्तर : सब्जा आपल्या पूजेच्या तुळशीचा नव्हे. फालुद्यात पडतो तो गोड तुळशीचा, म्हणजे इटालियन पेस्टोत वाटतात त्या बेसिलच्या जातीचा. पान चुरगळून पाहा, आपल्या तुळशीला युजेनॉलमुळे लवंगेसारखा झणका असतो. तिचं बी बारीक, तांबूस. भिजवल्यावर बुळबुळीत होतं, पण काळ्या सब्ज्यासारखं टपोरं फुगत नाही. ते रोपांसाठी ठेवा.

सब्जा चरबी जाळत नाही. त्यातल्या तंतूंमुळे पोट भरल्यासारखं वाटतं, पोट साफ व्हायला मदत होते, इतकंच. एक चमचा सब्जा पेलाभर पाण्यात 15-20 मिनिटं ठेवा, दाण्याभोवती करडी जेली धरेपर्यंत. कोरडा मुळीच खाऊ नका, घशात फुगून अडकू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तुळशीचा अर्क किंवा काढा रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सब्जा साखरेच्या गुलाब सरबतातच घालणार असाल, तर वजनाचा विषय न काढलेलाच बरा!