स्वस्त विमानभाडे : उरलेली किंमत कोण देतो?

बीड जिल्ह्यातून प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे आष्टी तालुक्यातील कडा येथून विमानप्रवासास निघणाऱ्यास पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरसारखे जिल्ह्याबाहेरील ठिकाण गाठावे लागते. तिकीट स्वस्त असले तरी विमानतळापर्यंतचे वाहनभाडे सुटत नाही. विमान पहाटेचे असल्यास मुक्कामाचा खर्चही वाढतो. मूळ भाड्यावर विमानतळाचे शुल्क आणि वस्तू व सेवा कर चढतो. ठरावीक वजनाहून अधिक सामान, पसंतीचे आसन व तारखेतील बदल यांचा आकार बहुधा निराळा असतो. तेव्हा तिकिटाचे भाडे म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे.

या खर्चाचा काही भाग प्रवाशाला दिसतही नाही. 2016 मध्ये केंद्र शासनाने ‘उडान’ योजना जाहीर केली. तीनुसार सुमारे एक तासाच्या प्रवासासाठी काही आसनांचे भाडे आरंभी 2,500 रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. विमान कंपनीस येणारी तूट साधारणपणे तीन वर्षे भरून देण्याची तरतूद आहे. हा निधी मुख्यत्वे इतर मार्गांवरील उड्डाणांच्या आकारणीतून उभा राहतो. महाराष्ट्रासारखी राज्ये त्यात 20 टक्के वाटा उचलतात. म्हणजेच कधीही विमानात न बसलेला करदाताही या स्वस्त तिकिटाचा भागीदार ठरतो.

27 एप्रिल 2017 रोजी या योजनेच्या पहिल्या उड्डाणांत नांदेड–हैदराबाद मार्गाचा समावेश होता. मराठवाड्याला हा मान मिळाला. तथापि ही सेवा देणाऱ्या कंपनीची उड्डाणे 2022 मध्ये बंद पडली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2023 मधील अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी केवळ 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली.

याचा अर्थ अनुदान व्यर्थ आहे, असा नव्हे. कडा स्थानकावरून जाणारा, 2025 मध्ये बीडपर्यंत खुला झालेला रेल्वेमार्गही राज्य शासनाच्या आर्थिक सहभागातूनच उभा राहत आहे. मात्र कोणत्याही सेवेची मागणी करताना तिचा लाभ किती लोकांना होईल, तूट कोण भरील आणि अनुदान थांबल्यावर ती टिकेल काय, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारले जाणे अगत्याचे आहे. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकडून एखाद्या प्रवासाचा घरापासून घरापर्यंतचा हिशेब करवून घ्यावा. स्वस्त आणि परवडणारे यांतील फरक त्यातूनच स्पष्ट होईल.