शेवटाचा अर्थ लगेच शोधू नकोस

अगं, वसतिगृहातल्या मुली हसतात म्हणून हे विज्ञानकथांचे सिनेमे चोरून बघू नकोस. यानं, यंत्रमानव म्हणजे पोराटोरांचा खेळ असं त्यांना वाटतं, वाटू दे. सिनेमा संपल्यावर तुझं डोकं भणभणतं ना, मला त्याचंच कौतुक आहे.

आधी ‘कार्गो’ बघ. 2019चा, हिंदी आहे, म्हणजे खालच्या ओळी वाचत पळावं लागत नाही. दिग्दर्शिका आरती कडव आपल्या नागपूरची. अवकाशात ‘पुष्पक’ नावाचं यान, त्यात प्रहस्थ हा राक्षस वर्षानुवर्षं एकटाच नोकरी करतोय. खाली माणूस मेला की वर त्याच्यापुढे हजर. त्याची नोंद करायची, जवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, जखमा बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुन्हा जन्माला धाडायचं. सगळं तहसील कचेरीतल्या कामासारखं, शांतपणे. आठवणी पुसतात तिथं जरा थांबव. शरीर सुटलं, आठवणीही गेल्या. मग पुढच्या जन्माला जातंय कोण? मला या प्रश्नानं कितीतरी दिवस सोडलं नव्हतं.

आणि हा प्रश्न बाहेरून आलेला नाही, बाई. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडं कापड. ही तर सुमारे 40 फूट लांब! पाच महाभूतांचा हा देह कसा झाला आणि त्यात ‘मी’ कुठला, हे त्यांनी कापडावर मांडलं. तेव्हा कुणी म्हणालं की हे परदेशी खूळ आहे, तर खुशाल पासोडीचं नाव सांग.

मराठीत सुजय डहाकेंचा ‘फुंतरू’ (2016) आहे. आवडत्या मुलीची यंत्रातून हुबेहूब प्रतिमा उभी करणाऱ्या मुलाची गोष्ट. मध्ये सैल पडतो, तरी बघ. आपल्या मनासारखीच वागणारी मुलगी हवी असणं याला प्रेम म्हणायचं का, यावर तुझ्या वयात विचार व्हायलाच हवा.

‘अरायव्हल’ मात्र घाईत नको. पुढं काय वाढून ठेवलंय हे आधीच कळलं, तरी लेकीला जन्म द्यायचा का, असा प्रश्न त्यातल्या आईपुढे येतो. 2011च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807च मुली होत्या. ‘मुलगी आहे’ एवढं कळलं की इथं किती घरांनी निर्णय घेऊन टाकले! त्या बाईचं उत्तर ऐकताना माझ्या पोटात कालवलं ते म्हणूनच.

शेवटाचा अर्थ सांगणारे व्हिडिओ लगेच उघडू नकोस. दोन दिवस स्वतःच घोळव, वहीत लिही. सुट्टीत घरी गेलीस की ‘अरायव्हल’ काकूबरोबर बघ; इंग्रजी आहे, मध्ये थांबवून तिला सांगत जा. ती काय म्हणते ते मला कळव, मला खरंच ऐकायचंय.