नेट कोण खातंय हे शोधायला किती पैसे लागतात?

अभ्यासिका असो, दवाखाना असो की सहा जणांचं घर, तक्रार एकच असते: प्लॅन शंभर एमबीपीएसचा, तरी संध्याकाळी व्हिडिओ अडकतो. मग कोणीतरी सुचवतं, मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर घ्या. पण खर्च सॉफ्टवेअरच्या नावावर ठरत नाही, मोजणी कुठे होणार यावर ठरतो. संगणकावर टाकलेलं ग्लासवायर त्या संगणकातलं कुठलं ॲप किती डेटा ओढतं हे छान दाखवतं. शेजारच्या मोबाइलचा डेटा मात्र त्याच्याकडे येतच नाही, तो थेट राउटरकडे जातो. सगळ्यांचा हिशेब राउटरपाशीच लागतो. आणि एकाच संगणकाचा हिशेब हवा असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲपवार डेटावापर फुकटच दिसतो.

म्हणून सुरुवात शून्य रुपयांनी करा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका (जिओफायबरला 192.168.29.1) आणि राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. कंपनीने दिलेल्या बऱ्याच राउटरमध्ये एवढी यादीच मिळते, कोणी किती जीबी वापरले ते नाही. यादीतली नावं कळत नसतील तर उपकरणं ओळखणाऱ्या फिंग ॲपची मोफत आवृत्ती फोनवर पुरते. अनोळखी उपकरण दिसलं म्हणून लगेच चोर धरायला निघू नका. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन आपला मूळ मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) लपवून वेगळाच पत्ता देतात, त्यामुळे घरातलाच फोन परका वाटू शकतो.

याच टप्प्यावर कागदावर थोडं गणित करा. त्यातून पुष्कळांचा प्रश्न सुटतो. 2 एमबीपीएसने अखंड क्लाउडवर चित्र पाठवणारा एक सीसीटीव्ही कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी पाठवतो, म्हणजे तीस दिवसांत सुमारे 650 जीबी. असे चार कॅमेरे 2,600 जीबीच्या आसपास जातात. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती प्लॅनना महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग पडतो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग क्लाउडऐवजी जागेवरच्या डीव्हीआरवर किंवा मेमरी कार्डवर घेतलं, की हा भार उतरतो. त्यासाठी मॉनिटरिंगची गरजच नाही.

उपकरणवार मोजणी हवीच असेल तर पैसे राउटरवर घाला. मायक्रोटिकचा छोटा राउटर साधारण पाच-सहा हजारांत येतो. त्यातलं ‘टॉर्च’ या क्षणी कोण किती ओढतंय ते दाखवतं आणि परवान्याची वार्षिक फी नसते. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर चालणारा राउटर घेतला तर ‘एनएलबीडब्ल्यूमॉन’ प्रत्येक उपकरणाची बेरीज ठेवतं. मात्र खरेदीआधी नेमकं मॉडेल आणि त्याची हार्डवेअर आवृत्ती त्यांच्या यादीत तपासा. दोन्हींत एक काम विसरू नका: कंपनीच्या जुन्या डब्याचं वायफाय बंद करा. नाहीतर त्याला जोडलेले सगळे मोजणीतून निसटतात.

एनटॉपएनजीसारखी ‘फुकट’ साधनं फार सविस्तर चित्र देतात, पण त्यांनाही मोजणीच्या जागी बसवावं लागतं. पोर्ट मिररिंगचा, म्हणजे एका पोर्टवरच्या डेटाची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणारा स्विच दोन-तीन हजारांचा, शिवाय वीज. 40 वॅटचा जुना संगणक चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 28.8 युनिट जळतात. दहा रुपये युनिट धरला तर वर्षाला साडेतीन हजारांच्या जवळ. 5 वॅटचा रास्पबेरी पाय तेच काम महिन्याला छत्तीस रुपयांच्या विजेत करतो. पीआरटीजी या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचे शंभर सेन्सर मोफत मिळतात, पण सेन्सर म्हणजे उपकरण नव्हे, एकेक मोजमाप. चोवीस पोर्टचा स्विच पोर्टवार मोजला की चोवीस सेन्सर तिथेच संपतात. घरासाठी हे नकोच.

‘मुलं काय बघतात ते सगळं दिसेल’ असं दुकानदार सांगेल, त्यावर विसंबू नका. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे साइटचं नाव आणि किती डेटा गेला एवढं कळतं, आतला मजकूर नाही. माझं स्पष्ट मत आहे की अभ्यासिकेने किंवा ऑफिसने जीबी मोजावेत, साइटची नावं साठवू नयेत. वापर मोजला जातो हे फलकावर लिहा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर लोकांच्या नोंदी ठेवणाऱ्याने अधिकच जपून राहावं.

सशुल्क ॲप घेताना महिन्याचा नव्हे, वर्षाचा आकडा विचारा. डॉलरमधल्या दरावर कर आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क चढतं, आणि स्वयंनूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करता येतं. राउटर बसवणाऱ्या तंत्रज्ञाला मजुरी देण्याआधी ॲडमिन पासवर्ड लिहून घ्या आणि सेटिंगची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर मागा.