'झोंबी'तील हुकलेली वर्षे

दारिद्र्य आणि शिक्षण यांच्या संबंधाची चर्चा आपल्याकडे बहुधा उत्पन्नाच्या आकड्यांवरून होते. दारिद्र्य किती वर्षे टिकले आणि मुलाच्या कोणत्या वयात आड आले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. आत्मकथनाला मात्र काळ टाळता येत नाही. या दृष्टीने आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिच्यातील एक भाग 'जूझ' या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात आल्याने अमराठी वाचकांनाही तो परिचित असावा.

कागलच्या या मुलाला वडील शेतीच्या कामासाठी शाळेतून काढतात. लवकर निघालेल्या गुळाला भाव चांगला, म्हणून गुऱ्हाळ ते इतरांच्या आधी लावतात. पण हंगाम आटोपला तरी मुलगा मोकळा होत नाही, कारण वडिलांना स्वतः राबायचे नाही. दारिद्र्य आणि घरातील सत्ता येथे वेगळी काढता येत नाहीत. आईने दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणे नेल्यावर तोड निघते ती अशी : सकाळी अकरापर्यंत शेत, तेथूनच शाळा, सुटल्यावर तासभर गुरे. मुलगा पाचवीत परततो तेव्हा बरोबरीची मुले पुढे गेलेली असतात. ओळखीचे दोघेच, बाकीची वयाने लहान. टवाळी होते ती कपड्यांवरून, पण मला त्या प्रसंगातील खरी किंमत या वयाच्या अंतराची वाटते.

ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये (१९९७) चित्र उलटे आहे. तेथे अडथळा शाळेच्या आतच, जातीच्या रूपाने उभा आहे. मुख्याध्यापक मुलाच्या हाती झाडू देतो आणि वडील त्याच्याशी भांडतात. पाचवीनंतर पैशांअभावी शिक्षण खुंटते, ते वहिनीने आपले पैंजण दिल्यामुळे पुन्हा सुरू होते. खंड अल्प असेल तर एक दागिना पुरतो. 'झोंबी'त साचलेली वर्षे तशी भरून निघत नाहीत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. यादवांचा नायक तिच्यामुळे लहान मुलांत बसला नसता, हे खरे. अकरापर्यंतचे शेत मात्र चुकले नसते.

एक मर्यादा येथे नोंदवली पाहिजे. सौंदलगेकर मास्तरांच्या कविताशिकवणीने भारलेला हा मुलगा गुरे राखताना म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो, आणि पुढे लेखक होतो. आपल्या हाती येणारी आत्मकथने अशा परतलेल्यांचीच आहेत. त्यांवरून खंडाच्या परिणामांचा अंदाज बांधताना तो नेहमी कमीच भरणार.