दोन चैत्र

भिन्न शास्त्रांचे पंडित एकत्र बसले, तरी त्यांचा संवाद साधतोच असे नाही. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली. तीत खगोलशास्त्रज्ञ व पंचांगकर्ते दोघेही होते. गणनेसाठी आपल्या उज्जैनचेच अक्षांश, २३° ११′, स्वीकारण्यात आले. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. परंतु तिचा चैत्र सौर, तर आपल्या घरचा चांद्र! नानाखेड्यातील मराठी कुटुंबे आजही पंचांग पाहूनच गुढी उभारतात. एकाच नावाचे दोन अर्थ राहिल्याने ही सुधारणा बहुतांशी सरकारी कागदांपुरती उरली, असे आम्हांस वाटते. विद्यार्थिमित्रांनो, दुसऱ्या शास्त्राशी बोलताना आपण प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करू या.